वाचकांचे प्रश्न : विश्वभारती, शांतिनिकेतन आणि श्रीनिकेतन

गेल्या अंकात पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातल्या विश्वभारती विद्यापीठावर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील पुनरुक्ती टाळून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांत झाडाखालच्या वर्गांचा उल्लेख होता. श्रीनिकेतनचा उल्लेख मात्र एकाच पत्रात होता. म्हणून त्या पत्राच्या उत्तराला या वेळी अधिक जागा दिली आहे.

विश्वभारतीच्या स्थापनेचे साल कुठे १८६३, कुठे १९०१, तर कुठे १९२१ असे वाचनात येते. विद्यार्थ्यांना नेमके कोणते सांगावे?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

तिन्ही साले बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. १८६३ मध्ये रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी बोलपूरजवळच्या ओसाड माळावर, रायपूरच्या सिंह या जमीनदार घराण्याकडून सुमारे वीस बिघे जमीन नाममात्र खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेतली. त्या माळावर सप्तपर्णीची, म्हणजे बंगालीत ज्याला छातिम म्हणतात त्याची, दोन झाडे होती आणि त्यांच्या सावलीत ध्यानाला बसण्यासाठी त्यांना ही जागा हवी होती. तेथे बांधलेल्या घराचे नाव ‘शांतिनिकेतन’. पुढे तेच सगळ्या परिसराला पडले. १८८८ मध्ये देवेंद्रनाथांनी ही मालमत्ता एका न्यासाच्या स्वाधीन केली. त्या न्यासपत्रातल्या अटी मुळातून पाहण्यासारख्या आहेत. येथे निराकार ईश्वराची उपासना व्हावी, मूर्तिपूजा होऊ नये, प्राणिहत्या व मांसाहार नसावा, कोणत्याही धर्माची वा उपास्याची निंदा केली जाऊ नये, दरवर्षी एक मेळा भरावा, आणि पुढे शक्य झाल्यास विद्यालय व ग्रंथालय काढावे, अशी ती तरतूद होती.

ही शेवटची शक्यता रवींद्रनाथांनी २२ डिसेंबर १९०१ रोजी, बंगाली पंचांगाप्रमाणे ७ पौषाला, प्रत्यक्षात आणली. शाळा पाच विद्यार्थ्यांची होती आणि त्यांत त्यांचा थोरला मुलगा रथींद्रनाथ हाही एक होता. विश्वभारतीची कोनशिला डिसेंबर १९१८ मध्ये बसली, १९१९ च्या उन्हाळ्यानंतर उच्च अध्ययनाचे वर्ग आणि कलाभवन ही चित्र-शिल्पकलेची शाळा सुरू झाली, आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ शील यांच्या अध्यक्षतेखाली संस्थेचे रीतसर लोकार्पण झाले. विद्यापीठाचे साल विचारले तर १९२१ सांगावे. केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मात्र संसदेच्या कायद्याने १९५१ मध्ये मिळाला, तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत चौथे साल दिसले तर विद्यार्थ्यांनी गोंधळून जाऊ नये.

प्राचीन गुरुकुलाचे पुनरुज्जीवन करणे हाच या संस्थेचा मूळ हेतू होता, असे आम्हांला शिकवले गेले. मग त्यात ‘विश्व’ कुठून आले?
— एक वाचक, पुणे

आपल्याला जे शिकवले गेले ते १९०१ पुरते खरे आहे. पहिल्या शाळेचे नावच ब्रह्मचर्याश्रम होते. मुले पहाटे उठत, स्नान करीत, गायत्रीचे चिंतन करीत, अनवाणी राहत आणि झाडाखाली आपापले आसन पसरून शिकत. रवींद्रनाथांच्या मनात तेव्हा उपनिषदकालीन तपोवनाचे चित्र होते आणि त्यांचे त्या काळचे सहकारी ब्रह्मबांधव उपाध्याय यांचा कल तर वर्णाश्रमाकडे स्पष्टच होता. ब्राह्मण विद्यार्थ्यांच्या पंगती वेगळ्या बसत. ब्राह्मणेतर शिक्षकाला विद्यार्थ्यांनी पायाला हात लावून नमस्कार करावा की नाही, असा प्रश्न प्रारंभीच्या काळात उपस्थित झाला, तेव्हा रवींद्रनाथांनी रूढीला धरून राहण्याचाच पक्ष घेतला. त्यांच्या चाहत्यांना हे वाचून अवघडल्यासारखे होते, पण ते झाकण्याचे कारण नाही. संस्थेचे आदर्श पहिल्या दिवशी तयार होऊन आले नव्हते. ते वीस वर्षांत घडत गेले, आणि कोणत्या अनुभवांनी घडले हे पाहण्यातच खरी गोम आहे.

त्यांतला पहिला अनुभव स्वदेशी चळवळीचा. १९०५ मध्ये वंगभंगाविरुद्ध रस्त्यावर उतरलेले रवींद्रनाथ दोनएक वर्षांत त्या चळवळीतून बाजूला झाले. विलायती कापडाची होळी करताना गरीब मुसलमान दुकानदाराचे आणि शेतकऱ्याचे काय होते, हे शहरातला पुढारी विचारात घेत नाही, हे त्यांनी पाहिले आणि हिंदू-मुसलमानांतली दरी उघडी पडलेलीही पाहिली. दुसरा अनुभव परदेशप्रवासाचा. १९१२-१३ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत मिळालेले स्वागत, १९१३ चे नोबेल पारितोषिक, आणि मग १९१६ मध्ये महायुद्ध पेटलेले असताना जपान व अमेरिकेत राष्ट्रवादाविरुद्ध दिलेली व्याख्याने, या सगळ्यांतून शांतिनिकेतनाला भारत आणि जग यांना जोडणारा धागा करावा, ही कल्पना पक्की झाली. १९१६ मध्ये अमेरिकेतून रथींद्रनाथांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती स्पष्ट मांडली आहे. विश्वभारतीचे बोधवाक्य ‘यत्र विश्वं भवत्येकनीडम्’ हे यजुर्वेदातले असले, तरी जेथे सारे विश्व एका घरट्यात नांदते असे ठिकाण हवे, ही तहान महायुद्धाच्या काळातली आहे.

आणि ती कागदावर राहिली नाही. पहिले पाहुणे प्राध्यापक म्हणून फ्रेंच प्राच्यविद्यापंडित सिल्व्हां लेव्ही १९२१ मध्येच आले. त्यांच्यामागून प्रागचे मोरिझ विंटरनिट्झ, इटलीचे फोर्मिकी आणि तुच्ची आले. चीनमधून आलेल्या तान युन-शान यांच्या प्रयत्नांतून १९३७ मध्ये चीनभवन हे चिनी विद्यांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. क्षितिमोहन सेन कबीर आणि मध्ययुगीन संतांचा अभ्यास करीत होते, विधुशेखर शास्त्री बौद्ध ग्रंथांवर काम करीत होते, नंदलाल बोस कलाभवन सांभाळत होते. हे सगळे एका अशा ठिकाणी चालले होते, जेथे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ यांखेरीज विपुल असे काहीच नव्हते.

कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात ‘श्रीनिकेतन प्रयोग, १९२२’ अशी एका ओळीची नोंद आहे. शिक्षकांनाही त्यापलीकडे सांगता आले नाही. हा प्रयोग नेमका काय होता आणि तो यशस्वी झाला का?
— कृषी महाविद्यालयाचा एक विद्यार्थी, राहुरी

ही एक ओळ आमच्या मते विश्वभारतीच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे. विश्वभारती ‘ग्रामीण’ विद्यापीठ आहे असे म्हणताना आपण ते खेड्याजवळ वसले आहे एवढेच म्हणत असतो; रवींद्रनाथांच्या मनात मात्र खेडे हा विद्यापीठाचा पत्ता नव्हता, तो त्याच्या अभ्यासाचा विषय होता. आपल्याभोवतीच्या गावांशी देणेघेणे नसलेले विद्यापीठ परक्या कुंडीतले रोप ठरेल, ही त्यांची धारणा होती.

तिचे मूळ शांतिनिकेतनाच्या आधीचे आहे. १८९० च्या सुमारास वडिलांनी जमीनदारीचा कारभार त्यांच्यावर सोपवला आणि कोलकात्यात वाढलेला हा कवी पूर्व बंगालमधल्या शिलाईदह आणि पतिसर या भागांत नावेने हिंडू लागला. कुळांचे अर्ज, सावकारी, पाण्याचे तंटे, साथीचे आजार हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. पतिसरला त्यांनी शेतकऱ्यांसाठी कृषी बँक काढली, गावपातळीवर तंटे मिटवणाऱ्या सभा सुरू केल्या. इतर जमीनदारांची मुले बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जात असताना, १९०६ मध्ये त्यांनी रथींद्रनाथांना आणि मित्रपुत्र संतोषचंद्र मजुमदार यांना शेतकी शिकण्यासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात धाडले. शेतकऱ्याच्या घामावर आपले घर चालते, तेव्हा त्याचे ज्ञान त्याच्याकडे परत गेले पाहिजे, असा त्यामागचा हिशेब होता.

शांतिनिकेतनापासून सुमारे तीन किलोमीटरवर सुरुल हे गाव आहे. तेथली एक जुनी कोठी आणि जमीन रवींद्रनाथांनी १९१२ मध्ये विकत घेऊन ठेवली होती. परंतु हिवतापामुळे तेथे कोणाला टिकून राहता येईना. १९२१ च्या अखेरीस लेनर्ड एल्महर्स्ट हा तरुण इंग्रज, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शेतकीचे शिक्षण घेऊन, रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून आला. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी काही विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासह तो सुरुलला राहायला गेला आणि ग्रामपुनर्रचनेच्या संस्थेचा आरंभ झाला. तिचेच नाव पुढे श्रीनिकेतन झाले. रवींद्रनाथांनी त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्न साधा होता : शेजारची गावे मरत का चालली आहेत, ते शोधा. उपाय नंतर.

एल्महर्स्टने काढलेले उत्तर प्रसिद्ध आहे. गावाची तीन दुखणी त्याने सांगितली : माकडे, हिवताप आणि एकमेकांवरचा अविश्वास. माकडांचे नाव ऐकून हसू येते, पण कोकणात ज्यांनी वानरांपायी परसबाग सोडून दिली आहे, त्यांना हसू येणार नाही. जंगल तुटल्यामुळे माकडे शेतात उतरली, जंगल तुटल्यामुळेच तांबडी माती वाहून जाऊन ‘खोआई’ म्हणतात त्या घळी पडल्या, तळी गाळाने भरून साचलेल्या पाण्यात डास झाले, तापाने खिळलेला माणूस पेरणीला उठू शकला नाही, आणि वाट्याला येणारे कमी झाले तसा शेजाऱ्यावरचा विश्वास उडाला. तिन्ही दुखणी अशी एकमेकांत गुंतलेली होती. शेतकी खाते, आरोग्य खाते आणि सहकार खाते अशी तीन स्वतंत्र कार्यालये काढून हा गुंता सुटला नसता.

कामाची सुरुवात शौचालयापासून झाली. मैला चरांत पुरून त्याचे खत करायचे आणि त्यावर भाजीपाला काढायचा, ही पद्धत एल्महर्स्टने स्वतः करून दाखवली. भद्र घरांतल्या बंगाली मुलांना हे काम हाताने करायला लावणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मग कालीमोहन घोष यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव पाहणी केली : किती घरे, किती जमीन, किती कर्ज, किती मुले जगली आणि किती दगावली. आरोग्यासाठी सहकारी मंडळ्या काढण्यात आल्या. सभासद कुटुंबाने थोडी वार्षिक वर्गणी द्यायची, ती जमत नसेल तर श्रम द्यायचे, आणि त्यातून डॉक्टर व औषधाची सोय व्हायची. डबकी बुजवणे, साचलेल्या पाण्यावर रॉकेल टाकणे, क्विनाइन वाटणे ही कामे गावातल्या मुलांच्या ‘व्रती बालक’ पथकांनी केली. दुष्काळाच्या दिवसांत उपयोगी पडावे म्हणून ‘धर्मगोला’ म्हणजे गावाचे सामाईक धान्यकोठार उभे राहिले. विणकाम, लाखकाम, चामड्याचे काम आणि मातीकाम शिकवणारा शिल्पविभाग निघाला. शांतिनिकेतनी म्हणून आज ज्या ठसे उठवलेल्या चामडी पिशव्या विकल्या जातात, त्यांचा उगम येथला आहे.

कामाला उत्सवाची जोड देणे ही मात्र खास रवींद्रनाथांची गोष्ट. जुलै १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा पहिला मोठा उत्सव झाला, आणि श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगर धरण्याचा विधी, सुरू झाला. त्यासाठी गाणी रचली गेली, बैलांना सजवले गेले. आपल्याकडच्या बैलपोळ्याची आठवण व्हावी असा हा प्रकार असला तरी तो परंपरेने आलेला नव्हता. तो मुद्दाम रचलेला होता. गावाला अन्न आणि औषध यांबरोबर आनंदही परत मिळाला पाहिजे, हा विचार त्यामागे होता. ग्रामविकासाच्या सरकारी अहवालांत हा मुद्दा आजवर शिरलेला नाही, आणि शिरला तर त्यासाठी बहुधा निविदा निघेल.

आता यशाविषयी. एक-दोन गावे जरी अज्ञानातून आणि दुबळेपणातून मोकळी करता आली, तरी साऱ्या देशासाठी छोटासा नमुना उभा राहील, असे रवींद्रनाथ म्हणत. त्या मापाने पाहिले तर हिवतापाविरुद्धचे काम, सहकारी आरोग्य मंडळ्या आणि हस्तकला यांना चांगले यश आले. पण तीन उणिवा स्पष्ट दिसतात. प्रारंभीचा खर्च मुख्यत्वे डोरोथी स्ट्रेट या अमेरिकी धनिक महिलेच्या देणगीवर चालला. तिने पुढे एल्महर्स्टशी विवाह केला आणि दोघांनी १९२५ पासून इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल ही संस्था उभारली. गावाने स्वतःच्या पायावर उभे राहावे असे सांगणारी संस्था स्वतः परदेशी पैशावर उभी होती. दुसरे असे की, कार्यकर्ता निघून गेला की बऱ्याच गावांत काम थंडावत असे. तिसरी उणीव मोठी आहे. कुळ, खंड आणि जमीनमालकी या प्रश्नाला श्रीनिकेतनाने हात घातला नाही, आणि ज्याचे घर जमीनदारीवर चालते त्या संस्थापकाला तो घालणे सोपे नव्हते. तरीही देशात समूहविकास योजना १९५२ मध्ये सुरू झाली, त्याच्या तीस वर्षे आधी एका विद्यापीठाने खेड्याला प्रयोगशाळा न मानता भागीदार मानले होते, हे आपल्या शिक्षकांना अवश्य सांगावे.

आमच्या भागात ‘नयी तालीम’चे काम झाले. शांतिनिकेतनाचा त्याच्याशी काही संबंध होता का? गांधीजी आणि रवींद्रनाथ यांचे शिक्षणाबाबत एकमत होते का?
— एक शिक्षिका, वर्धा

संबंध होता, आणि तो माणसांच्या रूपाने थेट सेवाग्रामपर्यंत आलेला आहे. नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याची गांधीजींची योजना, तिचा भार ज्यांनी वाहिला, ते आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून वर्ध्याला आले होते. आर्यनायकम मूळचे सिलोनचे; त्यांनी काही काळ रवींद्रनाथांचे सचिव म्हणूनही काम केले होते.

त्याआधीची नोंद १९१५ ची आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातली मुले भारतात आल्यावर काही महिने शांतिनिकेतनात राहिली होती. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी गांधीजी तेथे पोहोचले. रवींद्रनाथ तेव्हा तेथे नव्हते. दोनच दिवसांत गोपाळ कृष्ण गोखले गेल्याची वार्ता आली आणि गांधीजी तातडीने पुण्याला निघाले. मार्चमध्ये ते परतले, दोघांची भेट झाली आणि गांधीजींनी मुलांपुढे व शिक्षकांपुढे प्रस्ताव ठेवला की आचारी आणि झाडूवाले यांच्यावाचून आपले काम आपण करावे. १० मार्चला प्रयोग सुरू झाला. भाजी चिरणे, भांडी घासणे, संडास साफ करणे ही कामे वाटून घेतली गेली आणि भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही विद्यार्थी सतार वाजवीत बसत, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. प्रयोग पुढे बंद पडला. पण १० मार्च हा दिवस ‘गांधी पुण्याह’ म्हणून तेथे पाळला जातो. त्या दिवशी सेवकवर्गाला सुटी असते आणि सफाई विद्यार्थी-शिक्षक करतात.

१९२४ मध्ये रवींद्रनाथांनी ‘शिक्षासत्र’ ही वेगळी शाळा काढली, तिचा नयी तालीमशी सांधा अधिक जवळचा आहे. मूळ शाळेत आता सुखवस्तू घरांतली मुले येत होती आणि पालकांना मॅट्रिकचा निकाल हवा होता. रवींद्रनाथांना याची खंत वाटे. म्हणून गरीब व निराधार ग्रामीण मुलांसाठी, परीक्षेच्या दडपणाशिवाय, बागकाम, स्वयंपाक, विणकाम, घराची डागडुजी अशा कामांतून शिकवणारी ही शाळा सुरू झाली आणि १९२७ मध्ये ती श्रीनिकेतनला हलली. गांधीजींची नयी तालीमची योजना वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली ती १९३७ मध्ये.

एकमत मात्र पूर्ण नव्हते. हाताने काम करत शिकावे, मातृभाषेत शिकावे, शाळेचे गावाशी नाते असावे, येथवर दोघे बरोबर होते. शिक्षकाचा पगार मुलांच्या उत्पादनातून निघावा, हा गांधीजींचा आग्रह रवींद्रनाथांना पटला नाही; व्यक्तिमत्त्वाच्या वाढीपेक्षा भौतिक उपयोग हेच शिक्षणाचे साध्य ठरेल, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. मुलाच्या दिवसात सूत असावे तसे गाणेही असावे, असा त्यांचा पक्ष होता. आमचा कौल विचाराल तर या मुद्द्यावर तो रवींद्रनाथांच्या बाजूने आहे. परंतु पैसा कुठून आणायचा, या गांधीजींच्या प्रश्नाला रवींद्रनाथांकडे कधीच समाधानकारक उत्तर नव्हते.

वरील संदर्भात एक व्यावसायिक कुतूहल : ही संस्था चालली कशावर?
— एक सनदी लेखापाल, ठाणे

टंचाईवर, असे म्हटले तर वावगे होणार नाही. शाळा सुरू झाली तेव्हा न्यासाकडून मिळणारी थोडी वार्षिक रक्कम होती आणि विद्यार्थ्यांकडून फी घेतली जात नव्हती. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले. पुरीचे घर विकले गेले. नोबेलची बरीचशी रक्कम पतिसरच्या कृषी बँकेत ठेवण्यात आली. शेतकऱ्यांना कर्ज मिळावे आणि व्याज शाळेला मिळावे, अशी ही दुहेरी योजना होती. ती उदात्त होती, पण बँक बुडाली आणि मुद्दल तिच्याबरोबर गेले. लेखापालाने सल्ला दिला असता तर तो काय असता, हे आपण जाणताच. विश्वभारतीची नोंदणी झाली तेव्हा रवींद्रनाथांनी आपल्या बंगाली पुस्तकांचे हक्कही संस्थेला देऊन टाकले.

त्यानंतर व्याख्यानांचे दौरे आणि नृत्यनाट्यांचे प्रयोग. मार्च १९३६ मध्ये पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे रवींद्रनाथ नाटकमंडळी घेऊन दिल्लीत आले असता, या वयात त्यांना अशी वणवण करावी लागावी याचे गांधीजींना वाईट वाटले आणि त्यांनी ६०,००० रुपयांची तूट भरून देण्याची व्यवस्था केली. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी शांतिनिकेतनात रवींद्रनाथांना शेवटचे भेटून निघाले, तेव्हा आपल्या आयुष्याची सर्वोत्तम ठेव वाहणारे हे तारू सांभाळा, अशा आशयाचे पत्र रवींद्रनाथांनी त्यांच्या हाती ठेवले. गांधीजींनी ते मौलाना आझाद यांच्यापर्यंत पोहोचवले, आणि आझाद शिक्षणमंत्री असतानाच १९५१ चा कायदा झाला.

या संस्थेच्या जडणघडणीत मराठी माणसांचा वाटा होता का?
— एक वाचक, कोल्हापूर

आपल्या गावचेच नाव आधी घ्यावे लागेल. चित्रकार विनायक मासोजी हे मूळचे कोल्हापूरचे; ते नंदलाल बोस यांच्या कलाभवनातल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होते आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. हिंदुस्थानी संगीत शिकवण्यासाठी पंडित भीमराव शास्त्री तेथे होते. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१५ मध्ये शांतिनिकेतनात शिकवत होते आणि गांधीजींशी त्यांची भेट झाली ती तेथेच. पुष्कळ वर्षांनी पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला तेथे जाऊन राहिले, हे बहुतेकांना ठाऊक असते.

उलट दिशेचा एक संबंधही नोंदवण्याजोगा आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला झाले. त्याच्या नगराची सजावट गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर सोपवली आणि त्यांनी ती स्थानिक बांबू व गावातल्या साध्या सामानातून साधली. शांतिनिकेतनाची दृष्टी खानदेशातल्या खेडुतांनी अशी डोळ्यांनी पाहिली आहे.

केंद्रीय विद्यापीठ झाल्यावर मूळ आदर्श उरले का? प्रांजळ उत्तर द्यावे.
— एक प्राध्यापक, नाशिक

काही उरले, काही कायद्याच्या आणि अनुदानाच्या चौकटीत बसले नाहीत. देशाचे पंतप्रधान आचार्य, म्हणजे कुलपती, आणि कुलगुरूला उपाचार्य म्हणण्याची पद्धत आहे. पहिले उपाचार्य रथींद्रनाथ होते आणि दोनच वर्षांत, १९५३ मध्ये, ते त्या पदावरून दूर झाले. पूर्वी पदवीपेक्षा शिकणे मोठे मानले जाई, त्या पदव्यांना बाहेर फारशी मान्यताही नव्हती. मान्यता आली तशी परीक्षा, नेमणुका, श्रेणी आणि त्यांबरोबर येणारे वादही आले. आपण स्वतः प्राध्यापक असल्याने अधिक सांगण्याची गरज नाही.

जे उरले ते मात्र दुर्मीळ आहे. बालवर्गापासून पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण एकाच विद्यापीठाच्या अंगात आहे. पाठभवन आणि शिक्षासत्र या दोन्ही शाळा विद्यापीठाचाच भाग आहेत. पाठभवनाचे वर्ग आजही झाडाखाली भरतात. श्रीनिकेतनात पल्ली-संघटन, म्हणजे ग्रामसंघटन, विभाग चालू आहे आणि १९६३ पासून पल्ली-शिक्षाभवन हे शेतकीचे महाविद्यालयही आहे. पदवीदानाच्या वेळी सप्तपर्णीचे पान देण्याची प्रथा आहे. रामकिंकर बैज यांचे १९३८ चे ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प उघड्यावर, वाटेच्या कडेला उभे आहे. सामान उचलून गाव सोडून निघालेले संथाल जोडपे, कावडीतले मूल आणि सोबत कुत्रा, हे सगळे सिमेंट आणि खडीत घडवले आहे. संगमरवर परवडत नव्हता. पण ज्यांची ती कथा आहे त्यांच्या अंगावरचा खडबडीतपणा संगमरवरात आला नसता.

आमची तक्रार वेगळी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतनाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्याचे कौतुक योग्यच होते. पण वारसा म्हणून आपण इमारती, चित्रे आणि उत्सव मोजतो. शेजारच्या गावात या वर्षी किती जणांना ताप आला, हे मोजणारी वही हाही या विद्यापीठाचा वारसा आहे, आणि ती चालू ठेवायला युनेस्कोच्या शिक्क्याची गरज नाही.

हिवाळ्यात सहकुटुंब जाण्याचा विचार आहे. काय पाहावे, कधी जावे?
— एक वाचक, डोंबिवली

हावड्याहून रेल्वेने बोलपूर-शांतिनिकेतन स्थानकापर्यंत साधारण अडीच-तीन तास लागतात. बुधवार टाळावा. तेथे साप्ताहिक सुटी रविवारी नसून बुधवारी असते, कारण त्या दिवशी उपासना असते, आणि बरेच काही बंद सापडते. छातिमतला, म्हणजे देवेंद्रनाथांच्या ध्यानाची सप्तपर्णीखालची जागा, रंगीत काचांचे उपासनागृह, रवींद्रनाथांच्या राहत्या घरांचा उत्तरायण परिसर आणि कलाभवनाच्या भिंती व शिल्पे पाहावीत. उत्तरायणातले ‘श्यामली’ हे १९३५ चे मातीचे घर चुकवू नये. गावातल्या माणसाला परवडेल असे मातीचे छत करता येते का, हे पाहण्यासाठी रवींद्रनाथांनी ते बांधवून घेतले, आणि १९४० च्या भेटीत गांधीजी व कस्तुरबा तेथे उतरले होते. हिंदीभवनात विनोदबिहारी मुखोपाध्याय यांनी काढलेले मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र आहे. ते पाहण्याची परवानगी आधी विचारून घ्यावी.

पौषमेळ्याला, म्हणजे डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात, फार गर्दी असते आणि राहण्याची जागा मिळणे अवघड जाते. मुले लहान असतील तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा निवडावा. ६ फेब्रुवारीला श्रीनिकेतनचा वार्षिक उत्सव सुरू होतो, आणि त्या मेळ्यात आसपासच्या गावांतली पिके, भाज्या आणि हस्तकला मांडलेल्या असतात. शांतिनिकेतनहून तेथे जायला ई-रिक्षा मिळते.